पेटीत राहिलेलं पत्र

१४ जुलै १८६१. वॉशिंग्टन शहराजवळच्या कॅम्प क्लार्क या छावणीत रात्री दोनेक हजार माणसं झोपली आहेत. ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पायदळ पलटणीतला एक मेजर मात्र जागा आहे. दोन-चार दिवसांत, कदाचित उद्याच, कूच होणार असं त्याला दिसतंय. परत लिहायला सवड मिळेल की नाही याची खात्री नाही, म्हणून तो बायकोला पत्र लिहायला बसतो. पहिल्याच ओळींत तो स्पष्ट सांगतो की, हे पत्र तुझ्या नजरेस पडेल तेव्हा कदाचित मी नसेन.

मेजरचं नाव सलिव्हन बलू, वय ३२. बायको सारा, वय २४. मुलं दोन, एडगर आणि विली. सुमारे पंधरा दिवसांत सलिव्हन मेला. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं सगळ्यांत गाजलेलं पत्र म्हणून तिथे ज्याचं नाव घेतात ते हेच. प्रेमपत्र म्हणून ते हजारो वेळा वाचलं गेलं आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी एका वेगळ्याच जागी अडखळलो. त्या जागेसाठीच हे प्रकरण इथे उलगडून मांडतो आहे.

माणूस

सलिव्हनचा जन्म १८२९ सालचा, ऱ्होड आयलंडमधल्या स्मिथफील्डचा. वडील तो अगदी लहान असतानाच गेले. शिकायची धडपड मोठी होती. फिलिप्स अकॅडमी, मग ब्राऊन विद्यापीठ, मग न्यूयॉर्क राज्यातल्या बॉल्स्टन स्पा इथली कायद्याची शाळा असं करत १८५३ साली त्याला वकिलीची सनद मिळाली. राज्याच्या प्रतिनिधिगृहात तो आधी कारकून होता आणि तिशी गाठायच्या आतच तिथला सभापती झाला. १८५५ च्या ऑक्टोबरात साराशी लग्न झालं. वकिली जम धरत होती, राजकारणात नाव होऊ लागलं होतं, घरात दोन लहानगी होती.

१८६१ च्या एप्रिलमध्ये संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेने फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि अध्यक्ष लिंकनने संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढायला ७५,००० स्वयंसेवक मागितले. सक्तीची सैन्यभरती उत्तरेत १८६३ मध्ये आली. म्हणजे सलिव्हनला कुणीही ओढून नेलेलं नव्हतं. बायकोचं वय चोविशीचं, मोठा मुलगा चार-पाच वर्षांचा, धाकटा अजून बोबडं बोलण्याच्या वयाचा, आणि हा माणूस आपण होऊन पलटणीत दाखल झाला. पत्र वाचताना ही गोष्ट क्षणभरही नजरेआड करता येत नाही. लिहिणाऱ्यालाही ती करता आलेली नाही.

पत्र

पत्राच्या सुरुवातीला तो देवावर हवाला ठेवतो. माझी नव्हे, तुझीच इच्छा पूर्ण होवो, हे बायबलमधलं वचन. मग देश. ज्या कार्यासाठी आपण उभे आहोत त्याबद्दल मनात शंका नाही, धैर्य डळमळलेलं नाही. अमेरिकी संस्कृतीचा सगळा भार आता या सरकारच्या विजयावर आहे, आणि स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी रक्त सांडलं त्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे. ते फेडायला आयुष्यातली सगळी सुखं टाकून द्यायची माझी तयारी आहे, पूर्ण तयारी आहे, असं तो लिहितो.

इथवर हे भाषण आहे. चांगलं भाषण आहे, मनापासूनचं आहे, पण सभागृहात उभं राहून करता येईल असं. (गुलामगिरीचं नावही पत्रात नाही. १८६१ च्या उन्हाळ्यात उत्तरेतला सैनिक बहुधा संघराज्य आणि सरकार याच शब्दांत बोलत असे.) त्यानंतर मात्र एक ‘पण’ येतो आणि पत्राचा सूरच पालटतो.

त्या परिच्छेदाचा आशय असा: पण माझ्या प्रिय पत्नी, माझी सुखं टाकताना तुझीही जवळजवळ सगळीच सुखं मी टाकतो आहे आणि त्यांच्या जागी तुझ्या वाट्याला काळज्या आणि दुःखं ठेवतो आहे. पोरकेपणाचं कडू फळ मी स्वतः वर्षानुवर्षं खाल्लं. आता तेच फळ माझ्या लेकरांच्या पुढ्यात त्यांचा एकमेव आहार म्हणून ठेवायची वेळ आली आहे. हे सगळं कळत असताना, माझ्या निश्चयाचा झेंडा शांतपणे, अभिमानाने फडकत असताना, तुझ्यावरच्या आणि मुलांवरच्या माझ्या अमर्याद प्रेमाने देशप्रेमाशी झुंज घेतली, निष्फळ का होईना पण कडवी झुंज घेतली, तर तो दुबळेपणा ठरेल का? त्यात कमीपणा आहे का?

मी अडखळतो ते इथेच. हा प्रश्न तो विचारतो आणि उत्तर न देता पुढे जातो.

हा माणूस वकील होता हे विसरून चालणार नाही. ऋण, फेड, हक्क हे त्याचे रोजच्या व्यवहारातले शब्द. पत्रात पुढे एका ठिकाणी तो म्हणतो की, परमेश्वरावर माझे हक्क थोडे आहेत आणि लहान आहेत. पुन्हा दाव्याचीच भाषा. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाने आधी विचारायचं असतं की, फेडायचं कुणाच्या पुंजीतून? सलिव्हनने ते विचारलं आणि त्याला उत्तरही दिसलं. ऋण पूर्वजांचं, फेडणारा तो, आणि तारण ठेवलं होतं साराचं सुख आणि मुलांचं बालपण. त्या कागदावर त्या तिघांची सही नव्हती. चांगल्या वकिलाच्या नजरेतून ही खोट सुटणं शक्य नव्हतं आणि सुटलीही नाही. त्याने ती जशीच्या तशी लिहून काढली. माझ्या लेखी या पत्राचं सगळं मोल या कबुलीत आहे. तिच्यापुढे ‘माझं प्रेम अमर आहे’ हे वाक्य फिकं पडतं.

पुढे तो म्हणतो की, तुम्हा सगळ्यांचं सुख असं पणाला लावण्यामागे माझा काही वाईट हेतू आहे का, हे मी पुन्हा पुन्हा, बारकाईने तपासून पाहिलं. मला सापडला नाही. देशावरचं प्रेम, लोकांसमोर आजवर मांडलेली तत्त्वं, आणि मृत्यूच्या भयापेक्षा मला जास्त प्रिय असलेलं प्रतिष्ठेचं नाव, यांनी हाक दिली आणि मी ती ऐकली. प्रतिष्ठेचे हे शब्द त्याचे नाहीत, शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधल्या ब्रूटसचे आहेत. ब्रूटस ते बोलतो ते मित्राला मारायच्या कटात शिरण्याआधी. सलिव्हनने एवढा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण मध्यरात्री, मेणबत्तीच्या नाहीतर कंदिलाच्या उजेडात, माणसाला जे पाठ असतं तेच आठवतं.

मग ती दोरखंडांची आणि वाऱ्याची प्रतिमा येते. तुझ्यावरच्या प्रेमाने मला तुझ्याशी जाडजूड दोरखंडांनी जखडून टाकलंय, ते तोडणं ईश्वराखेरीज कुणाच्या हातचं नाही. तरीही देशप्रेम सोसाट्याच्या वाऱ्यासारखं अंगावर येतं आणि या सगळ्या साखळ्यांसकट मला रणांगणाकडे घेऊन जातं. ‘साखळ्यांसकट’ हा शब्द बघा. वाऱ्याने साखळ्या तुटल्या असं त्याने लिहिलेलं नाही. त्या तशाच बांधलेल्या आहेत आणि तो ओढला जातो आहे. मघाचा प्रश्न सुटलेला नाही याची खूण या एका शब्दात आहे.

शेवटचा भाग साराच्या कानात बोलल्यासारखा आहे. माझ्या चुका, मी दिलेला त्रास, माझा अविचार यांची माफी कर. मेलेल्यांना परत येता येत असेल, न दिसता आपल्या माणसांभोवती वावरता येत असेल, तर मी सदैव तुझ्याजवळ असेन. तुझ्या गालावर झुळूक आली तर तो माझा श्वास समज. ठणकणाऱ्या कपाळावर गारवा जाणवला तर मी जवळून गेलो असं समज. मी मेलो म्हणून रडू नकोस. पुढे गेलोय आणि तुझी वाट बघतोय, असं मान. विली इतका लहान आहे की त्याला मी फार काळ आठवणार नाही. निळ्या डोळ्यांच्या एडगरला माझ्याबरोबरचे खेळ बालपणीच्या अंधूक आठवणींसारखे कुठेतरी राहतील. आपल्या दोघांच्या आयांना माझा निरोप सांग. आणि अगदी शेवटी: सारा, मी तिथे तुझी वाट बघतो! माझ्याकडे ये, माझ्या मुलांना घेऊन ये.

विलीबद्दलचं ते वाक्य कुणाला साधं वाटेल. पण वडील आठवत नसणं म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला आतून ठाऊक होतं. तो मुलाचं भविष्य वर्तवत नव्हता, स्वतःचं बालपण सांगत होता.

पुढे जे घडलं

उत्तरेचा सेनापती मॅकडॉवेल याचं सुमारे ३५,००० चं सैन्य १६ जुलैला वॉशिंग्टनहून निघालं. २१ तारखेला, रविवारी, व्हर्जिनियात मनॅससजवळ बुल रन नावाच्या ओढ्याकाठी लढाई झाली. एका फटक्यात युद्ध संपेल अशी वॉशिंग्टनमध्ये समजूत होती. लोक बग्ग्या जोडून, खाण्याच्या टोपल्या घेऊन ती पाहायला आले होते. बर्नसाइडच्या ब्रिगेडमधली ऱ्होड आयलंडची दुसरी पलटण मध्यरात्रीपासून चालत सडली फोर्डचा उतार ओलांडून आली आणि मॅथ्यूज टेकडीवर सगळ्यांच्या आधी तीच भिडली. पलटणीचा प्रमुख कर्नल जॉन स्लोकमला तिथे प्राणघातक जखम झाली. मेजर बलू घोड्यावर होता. तोफेच्या भरीव गोळ्याने त्याचा पाय निकामी केला आणि घोडाही मारला.

सडली चर्चमध्ये जखमींचा तळ होता. तिथे त्याचा पाय कापला. दुपारनंतर उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि सगळे वॉशिंग्टनच्या दिशेने पळत सुटले; न हलवता येण्याजोगे जखमी मागेच राहिले आणि शत्रूच्या ताब्यात गेले. जुलैच्या अखेरीस तो तिथेच वारला आणि चर्चच्या आवारात पुरला गेला. रणांगणावर शेवटचा श्वास सुटेल तेव्हा तो तुझं नाव घेईल, असं त्याने पत्रात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो श्वास सुटायला आठवडाभर लागला, पाय कापलेल्या अवस्थेत, कैदेत.

इथेही ते संपलं नाही. १८६२ च्या मार्चमध्ये दक्षिणेचं सैन्य मनॅसस सोडून मागे हटलं, तेव्हा ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर विल्यम स्प्रेग आपल्या माणसांचे मृतदेह परत न्यायला तिथे पोचले. लढाईत ते स्वतः हजर होते. थडगी शोधत असताना तिथल्या एका कृष्णवर्णीय मुलीने त्यांना सांगितलं की, दक्षिणेच्या सैनिकांनी कर्नल स्लोकमचं प्रेत उकरून काढलं, धडापासून डोकं तोडलं आणि प्रेत जाळलं. जागा खणली तर राख आणि हाडं सापडली. स्लोकमचं प्रेत मात्र कबरीत शाबूत होतं. मिशांवरून ओळख पटली. जाळलं गेलं होतं ते बलूचं. जवळच सापडलेला एक सदरा त्याचाच असल्याचं ओळखणाऱ्याने सांगितलं. स्प्रेगनी हे सगळं वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या युद्धविषयक समितीपुढे साक्ष देताना मांडलं. त्या काळात सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी नसे आणि मृतांची शिस्तीने नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा नव्हती. घरच्यांना मृत्यू कळायचा तो वर्तमानपत्रातल्या यादीतून नाहीतर पलटणीतल्या सोबत्याच्या पत्रातून. कबर चुकली तर माणूसच चुकायचा.

पत्रात एक ओळ आहे: पुढल्या वर्षांच्या आशा जाळून राख करणं मला फार जड जातं. लिहिताना त्याने ती अलंकार म्हणूनच लिहिली असणार. पुढचं ठाऊक असलेल्या वाचकाला ती ओळ सरळ वाचून पुढे जाता येत नाही. मला तर नाहीच.

कागदाचं काय झालं

पत्र टपालात पडलंच नाही असं दिसतं. ते सलिव्हनच्या पेटीत, इतर सामानात सापडलं आणि स्प्रेगमार्फत सारापर्यंत पोचलं. जुलै महिन्यात छावणीतून त्याने घरी पाठवलेली दुसरी पत्रंही टिकून आहेत. ती साधी आहेत. छावणीतलं रोजचं, मुलांची विचारपूस, परत येण्याच्या गोष्टी. थोडक्यात, पोस्टात टाकायचं पत्र वेगळं होतं आणि पेटीत ठेवायचं वेगळं. पहिल्यात ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’ होतं. दुसरं आपण नसल्यावरच उघडलं जावं यासाठी होतं. सैनिकाच्या पत्रांचा कुणी अभ्यास करत असेल तर ही जोडी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुसतं पेटीतलं पत्र वाचलं तर माणूस सतत मरणाशी बोलतोय असं वाटेल. नुसती टपालातली वाचली तर त्याला काही कळतच नव्हतं असं वाटेल. बायकोला आज धीर मिळावा म्हणून एक लिहायचं आणि उद्या सत्य मिळावं म्हणून दुसरं, ही दोन्ही कामं त्याने एकाच महिन्यात केली.

मूळ पत्र आज कुठेही नाही. ते साराबरोबर पुरलं गेलं असावं असं मानतात. आहेत त्या जुन्या हस्तलिखित नकला, आणि त्यांतली एकही सलिव्हनच्या हातची नाही. १८६८ साली ब्राऊन विद्यापीठाने आपल्या युद्धातल्या विद्यार्थ्यांवर स्मृतिग्रंथ काढला, त्यात ते छापलं गेलं. यावरून अलीकडे एका अभ्यासकाने शंका काढली की, पत्राची भाषा त्याच्या बाकीच्या पत्रांपेक्षा फारच घडीव आहे, तेव्हा ते त्याच्या एखाद्या वकील मित्राने रचलं असेल. शंका गंभीरपणे घ्यायला हवी. तरी मला ती पटत नाही. वर म्हटलेलं दोन तऱ्हांचं लिहिणं एकदा ध्यानात घेतलं की भाषेतला फरक आपोआप समजतो. शिवाय मेलेल्या मित्राच्या गौरवासाठी रचलेल्या पत्रात ‘मी माझ्या मुलांपुढे कडू फळ ठेवतो आहे’ अशी कबुली कोण घालेल? गौरव करणारा माणूस ती वाक्यं आधी गाळतो. हा काही पुरावा झाला नाही, माझा कौल झाला.

आणि गाळलीही गेली. १९९० साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर यादवी युद्धावरची एक मोठी माहितीपट-मालिका दाखवली गेली. तिच्या पहिल्या भागाच्या अखेरीस व्हायोलिनच्या करुण सुरांवर हे पत्र वाचलं गेलं, आणि सलिव्हन बलू घराघरांत पोचला. ती आवृत्ती संक्षिप्त आहे. तीत ऋण आहे, फेडायची तयारी आहे, आणि तिथून वाचन थेट ‘सारा, माझं प्रेम अमर आहे’वर उडी मारतं. मधला ‘पण’ नाही, पोरकेपणाचं कडू फळ नाही, तो प्रश्न नाही. शेवटी विली आणि एडगरही नाहीत. वेळेची मर्यादा असणार, हे मी समजू शकतो. पण त्या कात्रीने देश आणि बायको या दोन प्रेमांमधली झुंजच काढून टाकली. देशभक्ती आणि प्रीती दोघी हातात हात घालून गुण्यागोविंदाने निघाल्या. हेच छोटं रूप पुढे लग्नांत, समारंभांत, शाळांच्या वर्गांत वाचलं गेलं. ज्यांनी तेवढंच ऐकलं आहे त्यांनी पूर्ण पत्र मिळवून वाचावं, आणि गाळलेला परिच्छेद आधी वाचावा, असं मी आग्रहाने सांगेन.

सारा

साराची उत्तरं आपल्यापुढे नाहीत. तिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते फार थोडं आहे आणि त्यात एकही काव्यमय ओळ नाही.

पंचविशीही पुरी न झालेली विधवा, दोन लहान मुलं. सरकारचं विधवा-वेतन मिळे, ते पुरेसं नव्हतं. तिने पियानोच्या शिकवण्या घेतल्या. पुढे प्रॉव्हिडन्स शहराच्या शाळा समितीत सचिवाचं काम धरलं आणि कित्येक वर्षं केलं. मुलं मोठी केली, शिकवली. नवऱ्याने लिहिलं होतं की, तू आई म्हणून काय करशील, मुलांचे स्वभाव कसे घडवशील याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. या वाक्यात कुटुंबाचा सगळा भार एका बाजूला सरकलेला आहे. तो तिने उचलला. दुसरं लग्न केलं नाही.

उतारवयात ती न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेली आणि १९१७ साली, ८० वर्षांची होऊन वारली. नवऱ्याबरोबर सहा वर्षंही पुरी नाहीत, आणि त्यानंतरची ५६ त्याच्याशिवाय. त्या मधल्या काळात गुलामगिरी संपली, संघराज्य टिकलं. ते जुनं ऋण फिटलं असं म्हणायचं असेल तर फिटलं. रोजची फेड मात्र या ५६ वर्षांत होत होती, पियानोच्या शिकवण्यांत आणि शाळा समितीच्या कागदपत्रांत. दुबळेपणा की कमीपणा, हा प्रश्न सलिव्हनने तिलाच विचारला होता. ती त्यावर काय म्हणाली, किंवा काही म्हणाली का, हे कुठल्याच कागदावर नाही.

सडलीहून आणलेले अवशेष प्रॉव्हिडन्सच्या स्वान पॉइंट दफनभूमीत पुरले आहेत. वर दगडी स्तंभ आहे आणि त्यावर पत्राची शेवटची ओळ कोरलेली आहे: मी तिथे तुझी वाट बघतो, माझ्याकडे ये, माझ्या मुलांना घेऊन ये. सारालाही तिथेच पुरलं, त्याच्या शेजारी.